मैदान पोट्ट्याइले द्या

आमच्या घरी पत्रकं वाटली जायची त्यापेक्षा उरायची जास्त. बाबा डाळ मिलमध्ये फिटर, आई अंगणवाडीत, आणि दोघांची संघटना वेगवेगळी, त्यामुळे उरलेल्या पत्रकांचे गठ्ठेही दोन. ती फडताळात अंथरलेली असायची, माझ्या डब्यात पोळीखाली असायची, वह्यांना कव्हर म्हणून असायची. अक्षरंही मी त्यांच्यावरूनच शिकले. बालवाडीत बाईंनी ‘ध’ कशाचा म्हणून विचारलं तेव्हा सगळी पोरं ‘धनुष्याचा’ म्हणाली. मी म्हणाले, ‘धिक्काराचा’. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईनं बाईंचं ऐकून घेतलं आणि जाताना त्यांच्याही हातात एक पत्रक दिलं.

अशा घरात वाढलेली मुलगी फुटबॉलमध्ये कशी गेली, तर सूचनाफलकामुळे. अकोल्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना फलकावर कागद लागला: ‘फुटबॉल संघाची निवड. खेळाडूंनी मैदानावर हजर राहावे. (फक्त मुले)’. मी त्या कंसाकडे बराच वेळ बघितलं. मग लाल पेन काढून खाली लिहिलं, ‘का? याचे उत्तर मिळालेच पाहिजे!’

मागे क्रीडाशिक्षक उभे होते.

“हे तू लिवलं?”

“हो. आणि मी ते मागे घेणार नाही.” राग आला की मी प्रमाण भाषेत बोलते. पत्रकांचा परिणाम.

“मांगं नको घेऊ,” सर म्हणाले. “बूट किती नंबरचा लागते तुले?”

झालं होतं असं, की मुलींचा संघ दोन वर्षांपासून होताच. फक्त त्यात दहा जणी होत्या. अकरावी मिळत नव्हती म्हणून संघ कुठे जात नव्हता, आणि कुठे जात नव्हता म्हणून फलकावर येत नव्हता. माझ्या लढ्याला विरोध करायला कोणीच नव्हतं, याचं मला थोडं वाईटच वाटलं. मी लेफ्ट बॅक झाले. लेफ्ट, कारण घरचे संस्कार. बॅक, कारण तिकडे चेंडू कमी येईल असा सरांचा अंदाज होता.

पहिल्याच दिवशी अन्याय सापडला. मैदान एक होतं. मुलांना ते संध्याकाळी पाच ते साडेसहा मिळायचं, मुलींना दुपारी अडीच ते चार. अकोल्यात, मार्चच्या शेवटी, दुपारी अडीचला रस्त्यावर कुत्रंसुद्धा कामाशिवाय निघत नाही. गोलच्या लोखंडी खांबाला हात लावायची सोय नव्हती. बाटलीतल्या पाण्यात पत्ती टाकली असती तर चहा झाला असता. मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे काका आम्हाला कडुनिंबाखालच्या खाटेवरून बघायचे आणि अधूनमधून ओरडायचे, “पोट्ट्या हो, मरून जासान!” खेळाविषयी आम्हाला मिळालेलं तेवढंच मार्गदर्शन.

आमची कप्तान धारणीकडच्या एका गावातली, होस्टेलला राहायची. ती कमी बोलायची, पण बोलली की माझं निम्मं भाषण वाया जायचं. आणि आमची गोलकीपर होती, तिच्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. तिच्या अब्बांचं जठारपेठेत मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, सगळं साडीच्या रंगाला जुळवून मिळणारं. घरचं आवरून बायका साडी घेऊन दुकानात येतात ती वेळ दुपारची, आणि बायका आल्या की त्यांना काउंटरवर मुलगी लागते. म्हणून एक ते पाच दुकान तिचं. अब्बांचा खेळाला विरोध नव्हता. त्यांनी मलाच एकदा विचारलं होतं, “बेटा, पाच के बाद उसका टाइम उसका है. मग तुमच्या कॉलेजले दुपारच काहून लागते?” याचं उत्तर कुठल्याच पत्रकात आलेलं नव्हतं.

आधी दुपारी तिची आई दुकानात बसायची. आईचे गुडघे गेले आणि तिचा सराव थांबला. मग गोलमध्ये कोणाला उभं करायचं? जिच्या जाण्यानं मैदानात काहीच फरक पडणार नाही तिला. म्हणजे मला.

गावातल्या दुसऱ्या एका कॉलेजशी आमचा सरावाचा सामना झाला. त्यांनी नऊ गोल केले. त्यातल्या दोन वेळा मी खांबाच्या सावलीत उभी होते, एवढीच माझी बाजू. सामना संपल्यावर सरांनी सगळ्यांना बसवलं.

“अमरावतीच्या स्पर्धेची यादी पुढच्या शनिवारी सकाळी जाते. गोलकीपर आली नाई सरावाले, तं तिचं नाव मी टाकत नाई. निदान तीन दिवस पुरा सराव दिसला पायजे मले. नियम हाये.”

“सर, मग गोलमध्ये कोण?” कोणीतरी विचारलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कप्ताननं डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळी मी दुकानात जाऊन गोलकीपरला हे सांगितलं. ती कात्रीनं अस्तर कापत होती. कापून झाल्यावर म्हणाली, “मांगच्या साली अकरावी नव्हती म्हणून रायलो. औंदा अकरावी आली तं मीच नाई.” एवढंच. मग पुढच्या बाईंना विचारलं, “मोरपंखी पायजे का डार्क?”

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे बाया ‘मी जातो, मी खेळतो’ असंच म्हणतात. पुण्याकडून आलेल्या आमच्या मराठीच्या मॅडम पहिल्याच तासाला मला म्हणाल्या होत्या, “मुलींनी ‘मी जाते’ म्हणावं.” मी त्यांना सांगितलं की वऱ्हाडीनं क्रियापदात स्त्रीपुरुष समता कधीच आणली आहे, राहिलंय ते मैदान. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

तर मैदान. मी आधी मुलांच्या कप्तानाशी बोलणी करून बघितली. केसांना पट्टा बांधणारा हा मनुष्य, चेंडू हाताशी नसला की बोटावर किल्ली फिरवायचा.

“तुमचा फुटबॉल येगळा असते,” तो म्हणाला. “आमचा येगळा.”

“काय येगळा?” आमच्या कप्ताननं विचारलं. “बॉल तोच. गोल तेवढाच. टाइम बी तेवढाच.”

“तुमचा स्लो असते.”

“अडीच वाजता पळून पाय.”

“आमाले पाचची सवय हाये ना पण,” तो अगदी मनापासून म्हणाला.

मग मी पत्रकासाठी पुरावे गोळा करायला सलग चार दिवस मुलांचा खेळ बघत बसले. आणि मला एक मोठा सिद्धांत सापडला. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये माणसं फार पडतात. धक्का लागला की पडतात, लागला नाही की जास्त पडतात. पायाला लागलं की तोंड धरतात. लोळत लोळत रेषेपर्यंत जातात, एक डोळा उघडून सीटी वाजते का बघतात, वाजली की उठून पळतात. थ्रो कोणाचा यावर जेवढा वेळ वाद होतो तेवढ्यात आमच्याकडे दोन गोल होतात, मी गोलमध्ये असल्यास तीन. याउलट आमच्यातली एकही मुलगी आजवर खोटी पडली नव्हती. पडली की चटकन उठायची. मी लिहिलं: ‘स्त्रियांचा खेळ मुळातच अधिक प्रामाणिक आहे. कारण शोषिताला नाटक परवडत नाही.’

वाक्य मला फार आवडलं. मी ते कप्तानला वाचून दाखवलं.

“जमीन पोळते म्हणून उठतो आमी,” ती म्हणाली.

तरी मी लिहीतच गेले. ‘मैदान कोणाचे?’ हे शीर्षक, खाली अकरा मागण्या. बाबांना दाखवलं. बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा लावून बारावी मागणी घातली, ती खतांच्या किमतींबद्दल होती. “जोडून घ्यावं लागते,” ते म्हणाले. आईनं अंगणवाडीच्या मानधनाची तेरावी घातली. ते चार पानी पत्रक कप्ताननं हातात तोललं आणि परत दिलं.

“हे कोन वाचीन? तीन ओळी लिव. अन् आपल्या भाषेत लिव.”

आपल्या भाषेत, कारण कॉलेजात तेव्हा बोलीभाषा पंधरवडा चालू होता. आमचे प्राचार्य मूर्तिजापूरकडचे, महिनाभरापूर्वीच बदलून आलेले, आणि वऱ्हाडीचे कट्टर. त्यांनी जाहीर केलं होतं की पंधरवड्यात जो अर्ज वऱ्हाडीत येईल त्याचा निकाल त्याच दिवशी, वऱ्हाडीतच. कॅन्टीनवाल्यानं वऱ्हाडीत अर्ज करून त्याच दिवशी दोन पंखे मिळवले होते.

मी तीन ओळी लिहिल्या:

‘साहेब, दुपारी अडीच वाजता उन्हात पोट्ट्याइले पळवनं हा अन्याय हाये. पोट्ट्याइनं लय सोसलं. आता सायंकाळी पाच ते साडेसहा मैदान पोट्ट्याइले द्या.’

खाली सही, ‘समस्त फुटबॉल खेळाडू’. पत्रकाखाली एकाचं नाव घालायचं नसतं, लढा सर्वांचा असतो, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. बुधवारी सकाळी शिपायाच्या हातून अर्ज आत पाठवला. दुपारपर्यंत फलकावर त्याचा निकाल लागला, अर्जाच्याच कागदावर, हिरव्या शाईत:

‘वाचलं. लय वाईट वाटलं. दुपारचा खेळ आजपासून बंद. पाच ते साडेसहा मैदान पोट्ट्याइले देलं. कोणी आडवं आलं तं मले सांगा.’

मी फलकासमोर मूठ आवळून उभी राहिले. आयुष्यातली पहिली मागणी मान्य झाली होती, तीही पूर्ण. शेजारी मुलांचा कप्तान किल्ली फिरवत निकाल वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला.

“थँक्यू,” तो म्हणाला. “आमच्यासाठी कोणी एवढं लिवलं नव्हतं.”

मला कळेना. मग मी निकाल पुन्हा वाचला, आणि कळलं.

वऱ्हाडात मुलगा म्हणजे पोट्टा आणि मुलगी म्हणजे पोट्टी. अनेक मुलगे, पोट्टे. अनेक मुली, पोट्ट्या. इथपर्यंत भानगड नाही. पण पुढे ‘ले’ लागला की पोट्टेही ‘पोट्ट्याइले’ होतात आणि पोट्ट्याही ‘पोट्ट्याइले’च होतात. तीन ओळींत मी तो शब्द तीन ठिकाणी वापरला होता, आणि एकदाही आमच्याकडून बोलला नव्हता. खाली ‘समस्त खेळाडू’. नव्या प्राचार्यांना दुपारी कोण खेळतं ते काय माहीत? त्यांनी समजा मुलं गृहीत धरली असतील, तर मी एका अर्जात मुलांना मिळालेलं पाचचं मैदान पुन्हा मिळवून दिलं होतं आणि आमचं अडीचचंही घालवलं होतं.

धावत ऑफिसात गेले. प्राचार्य बोलीभाषेच्याच शिबिराला चिखलदऱ्याला निघून गेले होते. सोमवारी येणार. फोन लावला, तर वर डोंगरात रेंज नाही.

आणि यादी शनिवारी सकाळी.

पाच वाजता दोन्ही संघ मैदानावर हजर. दोघांच्याही फोनमध्ये त्या कागदाचा फोटो.

“पोट्टे मंजे आमी,” मुलांचा कप्तान म्हणाला.

“पोट्ट्या मंजे आमी,” आमची कप्तान म्हणाली.

“पण लिवलं पोट्ट्याइले हाये!”

“तेच तं म्हणून रायली मी. पोट्ट्याइले.”

“अवं, पोट्ट्याइले मंजे पोट्ट्याले!”

“अन् पोट्ट्याइले मंजे पोट्ट्याले नाई तं काय?”

असं बराच वेळ चाललं. ऐकणाऱ्याला वाटलं असतं दोघांचं एकमत आहे. सरांकडे गेलो तर ते म्हणाले, “मले व्याकरण नाई समजत. सीटी समजते.” कोणीतरी मराठीच्या मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“किती सुंदर उदाहरण आहे! दोन्ही लिंगांचं सामान्यरूप एकच!”

“मॅडम, पण मैदान कोणाचं?” मी विचारलं.

“ते संदर्भावरून ठरतं,” मॅडम म्हणाल्या, फोटो काढला, आणि गेल्या.

तेवढ्यात फाटकातून आमची गोलकीपर धावत आली. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. दुकानातून थेट आली होती, मोजायची टेप गळ्यात तशीच.

“मिळालं ना मैदान?” तिनं विचारलं.

कप्ताननं तिला फोनमधला फोटो दाखवला. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

निकाल दिला तो चुन्याच्या काकांनी. खाटेवरून उठले, मध्यरेषेवर चेंडू ठेवला. “मी चुना एकाच मैदानाचा मारतो,” ते म्हणाले. “इकळे अकरा. तिकळे अकरा. अजून काय पायजे बे तुमाले?”

सरांनी सीटी फुंकली. त्यांना तेवढंच समजत होतं.

आता तुलना. तत्त्वाच्या विरोधात जाऊन मी खरं लिहिते. मुलं वेगानं पळत होती, आणि त्यांचा फटका असा यायचा की वाऱ्यानं माझी वेणी हलायची. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला धुतलं. गोल बहुतेक डावीकडून झाले, जिथे मी होते. गोलकीपर प्रत्येक गोलनंतर जाळ्यातून चेंडू काढताना माझ्याकडे नुसतं बघायची. त्यापेक्षा तिनं शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

पण गुरुवारी एक गोष्ट दिसायला लागली. मुलांतला प्रत्येक जण चेंडू मिळाला की तो घरी नेऊन ठेवायचा असल्यासारखा एकटाच निघायचा. आम्ही दोन वर्षं उन्हात खेळलेल्या. उन्हात पळणं अंगाशी येतं, म्हणून चेंडूलाच पळवायचं आम्ही शिकलो होतो. हिनं तिला, तिनं हिला, मध्ये कप्तान उभी, जागची फारशी न हलता. मुलं चेंडूमागे धावून धावून दमायला लागली. आणि संध्याकाळचा गार वारा अंगाला लागला तशा आमच्या पोरी अशा काही खेळल्या की काकांनी खाट रेषेजवळ आणून टाकली. बघायला गर्दी जमली. खो-खोच्या संघातल्या दोन मुली बूट मागून घेऊन मैदानात उतरल्या आणि पंधरा मिनिटांत माझ्यापेक्षा चांगल्या खेळायला लागल्या. तेव्हा मला त्याचा आनंदच झाला. पुढचं कळायचं होतं.

शुक्रवार. गोलकीपरचा तिसरा दिवस. गर्दी आमच्या बाजूनं ओरडायला लागलेली, म्हणून मुलांचा कप्तान चिडलेला. वीस मिनिटं झाली असतील. त्यांचा एक फटका आला, मी उडी मारली, आणि चेंडू माझ्या कोपराला लागून बाहेर गेला. कोणी बघितलं नाही. सरांनी बघितलं नाही. मुलांनीही नाही.

मी हात वर केला.

“सर, हँड झाला. माझा.”

मुलांच्या कप्तानानं माझ्याकडे असं बघितलं, जसं कोणी भर रस्त्यात त्याला घराची किल्ली काढून देत आहे. गोलमधून आवाज आला, “तुले कोनं इचारलं होतं वं?”

पेनल्टी. मुलांच्या कप्तानानं संधी ओळखली. “गोल झाला तं आज तुमी घरी,” तो म्हणाला. “सोमवारी साहेब येईपर्यंत मैदान आमचं.”

“अन् नाई झाला तं?” गोलकीपरनं विचारलं.

“तं रोज असंच. अर्धं अर्धं.”

मी सरांकडे धावले. “सर, आता घरी गेलो तर आजचा सराव धरणार ना तुम्ही?”

“वीस मिनिटाले सराव नाई म्हणत,” सर म्हणाले. “नियम हाये.”

“आपण हे मान्य करायचं नाही!” मी ओरडले. “हक्क पैजेवर लावता येत नाही!”

“तू बाजूले हो,” गोलकीपर म्हणाली. “लागू दे.”

ती रेषेवर उभी राहिली. हात पसरले नाहीत, उड्या मारल्या नाहीत. दुकानात उभी राहते तशीच उभी राहिली, मान जरा तिरपी. कप्तानानं चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, गोलच्या उजव्या कोपऱ्याकडे टक लावून बघितलं, पट्टा नीट केला, सगळ्यांना दाखवून पुन्हा उजवीकडे बघितलं. आणि एकदाच, क्षणभर, डावीकडे.

पळत आला. फटका डावीकडे. ती आधीच तिथे होती. चेंडू दोन्ही हातांत, छातीशी, कापडाचा तागा धरावा तसा.

गर्दीनं काय गोंगाट केला ते सांगत नाही. मी नंतर तिला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, “बाई दहा रंग काढाले लावते. हे दाखवा, ते दाखवा. पण घ्याचा असते त्याच्याकडे एकदाच पायते, अन् लगेच नजर काढून घेते. भाव वाढून सांगतीन म्हणून.”

तर तिनं चेंडू पुढे फेकला. तो आला माझ्याकडे. चिडलेला कप्तान बैलासारखा माझ्या अंगावर धावून आला. मी काय करायला हवं होतं ते मला आजही माहीत नाही. मी पडले. त्याचा पाय माझ्यापासून हातभर लांब होता. मी पडले, दोनदा लोळले, आणि दोन्ही हातांनी तोंड धरलं.

सरांनी सीटी वाजवली. फ्री किक, आम्हाला.

“सर, आपण टच बी नाई केलं!” मुलांचा कप्तान आकाशाकडे हात करून ओरडत होता. मी एक डोळा उघडून बघितलं. मग तो माझ्याकडे बघून थांबला, आणि हळूहळू टाळ्या वाजवायला लागला. “आता झाली पोट्टी फुटबॉलर.”

आमची कप्तान माझ्याजवळ वाकली. “तोंड काहून धरलं वं? पडली तं गुडघ्यावर.”

“जमीन थंड होती,” मी म्हणाले.

शनिवारी सकाळी सरांनी यादी वाचली. पहिलं नाव गोलकीपरचं. ती तिथं नव्हती, दुकानात होती, म्हणून मी फोन करून सांगितलं. पलीकडे कात्रीचा आवाज थांबला. मग ती कोणाला तरी म्हणाली, “ताई, एक मिनिट थांबा हं, मी जरा आत जाऊन येतो.” मी फोन कानाशी धरून यादीतलं माझं नाव ऐकत होते. ते सर्वांत शेवटी होतं. राखीव. लेफ्ट बॅकला खो-खोतली एक मुलगी, तिचा खो-खोचा सरावही सरांनी नियमात धरला होता. मी मागितलेला न्याय आला तो मला बाजूला सारूनच. पण तत्त्व म्हणून बघितलं तर निवड अगदी बरोबर होती, आणि हे मला कबूल करायला संध्याकाळपर्यंत वेळ लागला.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर अर्ज होता.

“हा अर्ज कोणाचा?”

“आमचा, सर.”

“तुमचा मंजे पोट्ट्याइचा...” ते थांबले. त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. “...का पोट्ट्याइचा?”

“पोट्ट्याइचा, सर.”

त्यांनी हिरव्या शाईतला आपलाच निकाल पुन्हा वाचला. वऱ्हाडीचा कट्टर माणूस वऱ्हाडीतच अडकला होता, आणि पंधरवड्याचे अजून तीन दिवस बाकी होते.

“मंग मी मैदान कोणाले देलं?”

“तुम्ही पोट्ट्याइले दिलं, सर.”

प्राचार्यांनी हिरव्या पेनाला टोपण लावलं. “मंग बराबरच हाये,” ते म्हणाले आणि कागद परत फलकावर लावायला शिपायाला दिला. तो तिथंच आहे. मैदानावर पाच वाजता अजूनही बावीस जण उतरतात.

बाबांनी विचारलं, “मागणी मान्य झाली?”

“अर्धी.”

“लढा चालू ठेवा,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पूर्ण मान्य झालेली मागणी त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती, बघायची इच्छाही नसावी.

पुढच्या आठवड्यात अमरावतीला गेलो. तिथं वेळापत्रक हातात पडलं. मुलांचे सामने संध्याकाळी पाचला. मुलींचा पहिला सामना दुपारी दोनला. मी बाकावर बसल्या बसल्या निषेधाचा मसुदा सुरू केला. पण समोर जे घडत होतं ते मसुद्यात बसेना. दुसरा संघ रोज गार वाऱ्यात सराव केलेला. पाऊण तासात त्यांच्या पोरी पाण्याकडे बघायला लागल्या. आमच्या पोरींना उन्हाचं काही नवीनच नव्हतं. आम्ही एका गोलनं जिंकलो. गोलमध्ये आमचीच होती, आणि तिनं काही जाऊ दिलं नाही. दुसरा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, छान थंडाव्यात होता. तो आम्ही हरलो.

परत आल्यावर पत्रक पूर्ण केलं. स्पर्धेच्या वेळांविरुद्ध, उन्हाविरुद्ध, एका पानात, आणि या वेळी ‘मुलींना’ असं स्पष्ट लिहून. जठारपेठेत दुकानात नेऊन गोलकीपरपुढे ठेवलं. गर्दी होती. तिनं एका हातानं अस्तर मोजत ते पूर्ण वाचलं, मान हलवली.

“चांगलं हाये. पण आपण जिंकलो तो सामना उन्हामुळेच जिंकलो ना वं? ते कुठी हाये याच्यात?”

“ते नंतर घालू.”

“घाल मंग.”

अस्तर घडी करून तिनं पिशवी शोधली. संपल्या होत्या. तिनं माझं पत्रक घेतलं, अस्तर त्यात व्यवस्थित गुंडाळलं, दोरा बांधला आणि बाईंच्या हातात दिलं. बाई गेल्या, पत्रक गेलं. मी काही बोलणार तेवढ्यात अब्बा जेवून, आराम करून दुकानात शिरले. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि गळ्यातली टेप काढून त्यांच्या हातात दिली.

“पाच वाजले,” ती मला म्हणाली. “चाल.”